तारादेवीची ज्वारी

शहाद्याच्या किराणा दुकानदाराची बायको डोंगर चढते, असं मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा माझा दीर म्हणाला, "शेठाणी चढस? मंग डोंगर खाले बसी जाई." सगळे हसले. मीही हसले. आमच्या ब्राह्मणपुरीत चालणं म्हणजे काम. शेतात जा, पाणी धर, डोक्यावर चारा घेऊन घरी ये. पायाला उगाच शिणवायला कुणी डोंगरावर जात नाही. आणि मारवाडी माणूस तर आम्ही दुकानातच पाहिलेला, मांडी घालून, पंख्याखाली.

पण दिराने तारादेवीला पाहिलं नव्हतं. तारादेवी म्हणजे वाळली तुराटी. वाऱ्याने हलेल, पण उपटून दाखवा. साठी कधीच उलटली, केस पांढरे, गुडघे ठणठणीत. चढणीवर आम्ही तिघी धापा टाकायचो आणि ती पुढे उभी राहून ओढणीने वारा घेत म्हणायची, "चाला व, चाला. भाकरी कोन्ही खादी तुमनी?" तिची अहिराणी आमच्यापेक्षा चोख. फक्त राग आला की मारवाडीत शिरायची, आणि मग तिच्या नवऱ्यालाही दुकानातून उठून मागे गोदामात काम निघायचं.

हे चालणं तिला लागलं कुठून? त्यांच्या जैन धर्मात साध्वी असतात, महासतीजी म्हणतात. त्या गाडीत बसत नाहीत, चप्पल घालत नाहीत, गावोगाव पायी फिरतात. त्या निघाल्या की गावातल्या बाया पुढच्या मुक्कामापर्यंत त्यांना पोचवायला जातात. तारादेवी राजस्थानातून लग्न होऊन आली तेव्हा घुंघट नाकापर्यंत, घराबाहेर पडायची सोय नाही. सासू म्हणाली, महासतीजींना पोचवायला जा, पुण्य लागतं. पुण्याचं देव जाणे, पाय मात्र तिला तिथे लागले. कधी प्रकाशा गावापर्यंत, कधी तळोद्याच्या वाटेवर, पहाटे निघायचं आणि बसने परत यायचं.

त्या साध्वींची एक गोष्ट ती नेहमी सांगायची. बसायच्या आधी मऊ कुंच्याने जागा झाडतात, कुठला जीव मरू नये म्हणून. रात्र एखाद्या शाळेच्या ओट्यावर काढतात. सकाळी निघून गेल्या की त्या ओट्यावर कुणी झोपलं होतं हे शिपायालाही सांगता यायचं नाही. "अस्सं ऱ्हावानं," ती म्हणायची. "आपन ऊनूत आनि गयूत, हाई जागाले समजाले नको."

सून घर सांभाळायला लागल्यावर तारादेवीने रविवार मागून घेतला. पुखराजशेठ, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "घेऊन टाक. एक दिवस तरी दुकानात माझा आवाज ऐकू येईल." मग तिने माणसं जमवली. दोन दुकानं सोडून शगुफ्ता ब्लाउज शिवायची, ती आली. आमच्या गावची बेबीबाई शहाद्याच्या बाजारात भाजी विकते, तिने मला ओढलं. रविवारी सकाळी काळीपिवळी जीप पकडायची, सातपुड्याच्या पायथ्याला फाट्यावर उतरायचं, तिथून पायी खैरपाडा आणि पाड्यावरून वाट वर डोंगरावर. अर्ध्या चढावर पाण्याचा झिरा, झिऱ्याशेजारी सपाट खडक. तिथे बसून खायचं, पुढे माथ्यावर जायचं आणि उन्हं कलायच्या आत खाली. सूर्य बुडाल्यावर तारादेवी पाण्याशिवाय काही घेत नाही, म्हणून परतायची घाई.

पहिल्याच खेपेला बेबीबाईने संत्रं सोललं आणि साल मागे भिरकावली. तारादेवी उठली, गेली, साल उचलून आणली आणि बेबीबाईच्या पिशवीत घातली.

"काकी, साल शे ती. कुजी जाई."

"कुजी जाई. पन संत्रानं झाड शे का आठे?"

"नही."

"मंग? जे आठे उगस नही ते आठे ठेवानं नही."

शेंगांची टरफलं ओढणीच्या सोग्यात बांधून खाली. अंड्याच्या टरफलांना तर ती हातही लावायची नाही, पण शगुफ्ताला कागद काढून द्यायची, यात बांध म्हणून. पोट बिघडलं तर खुरपं तिच्या पिशवीत तयार. वाटेपासून लांब, पाण्यापासून त्याहून लांब, खड्डा, माती, वर दगड. तरुण पोरी कधी सोबत आल्या आणि त्यांचे ते दिवस असले, तर त्यांचं सामान त्यांनीच खाली आणायचं. लाज शहाद्याच्या कचरापेटीपाशी काढायची. बेबीबाईला तंबाखूची सवय. ती एकदा थुंकली आणि तारादेवीने नुसतं पाहिलं.

"मंग थुकू बी नको का? गियी लेऊ का?"

"गियी लेय. नहीतर घरना ओटावर बसीन खाय."

बेबीबाईने त्या दिवशी खरंच गिळली आणि वाटभर उचक्या देत उतरली. पुढच्या रविवारी पुडी घरी ठेवून आली.

सगळ्यात नवल जेवणानंतरचं. तारादेवी आपल्या स्टीलच्या ताटात पाणी ओतायची, बोटाने कडेकडेने फिरवायची आणि ते पाणी पिऊन टाकायची. त्यांच्यात रीत आहे. उष्टं तसंच राहिलं की त्यात जीव होतात, मरतात, पाप आपल्याला. बेबीबाई पहिल्यांदा ओरडली, "माय वं, हाई तं म्हैसना मायक पेस!" पण झिऱ्यापाशी भांडी घासून पाणी घाण करण्यापेक्षा हे बरं, हे हळूहळू आम्हालाही पटलं. आता मी घरीही कधी तसं करते. सासू तोंड फिरवते.

एकूण काय, आम्ही उतरलो की खडकावर शोधून दाणा सापडायचा नाही, असं मी म्हणणार होते. पण दाणा सापडायचा. तोच तर सापडायचा.

तारादेवीच्या पिशवीत खुरप्याशेजारी एक वेगळी कापडी थैली असायची. तिच्यात पाखरांसाठी ज्वारी, मुंग्यांसाठी साखर घातलेलं पीठ आणि वानरांसाठी तुपाचा हात लावलेल्या पोळ्या. मुक्या जिवाला घातल्याशिवाय ही माणसं जेवत नाहीत. शहाद्यात त्यांचा कबुतरांचा चौथरा आहे, तिथे रोज पोतं रिकामं होतं. तारादेवी घरी असते तेव्हा चौथऱ्यावर टाकते, डोंगरावर असते तेव्हा खडकावर. झिऱ्याला पोचलं की आधी खडकावर ज्वारी पसरायची, मुंग्यांच्या वारुळाशी चिमूट चिमूट पीठ घालायची, मग हात जोडून आमच्यात येऊन बसायची.

सुरुवातीला काळतोंडी वानरं झाडावरून दात दाखवायची. मग खालच्या फांदीवर आली. मग खडकावर. त्यांच्यात एक म्हातारा होता, डावा कान फाटलेला. तो तारादेवीच्या हातातून पोळी घ्यायचा, ओरबाडून नाही, घरच्या माणसासारखा. "देख, देख, कितला सबूरीनं लेस," ती म्हणायची आणि तिचं तोंड असं खुलायचं की आम्ही फोटो काढायचो. साल उचलायला लावणारी बाई पोळी ठेवते आहे, हे आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पोळीला कुणी कचरा म्हणतं का?

पावसाळ्यात आमचं जाणं बंद. आम्हाला शेत, आणि तारादेवीचा चातुर्मास. पावसाच्या दिवसांत पायाखाली किडा-मुंगी फार, म्हणून साध्वी चार महिने एका जागी राहतात, आणि तारादेवीही गावाबाहेर पाऊल टाकत नाही. कार्तिकी पुनव झाली की पुन्हा रविवार सुरू.

दोन वर्षांमागची ती पुनव झाली आणि आम्ही फाट्यावर उतरलो. हवा गार, गवत पिवळं पडलेलं, सीताफळं संपत आलेली. तारादेवी शाळेला निघालेल्या पोरीसारखी पुढे. खैरपाड्याशी वाट जिथे वर वळते तिथे दलसिंग उभा. दलसिंग पावरा, त्याचं शेत आणि घर वाटेला लागूनच. घरात पावरी बोलतो, आमच्याशी अहिराणी. दर वेळी आम्हाला पाणी द्यायचा, खुशाली विचारायचा. आज त्याच्या हातात गोफण होती.

"राम राम, दलसिंगभाऊ. गोफण काबर? आम्हले मारस का काय?" तारादेवी हसून म्हणाली.

"राम राम, शेठाणी. बठा. चहा पेवा." मग म्हणाला, "पन वरे जावानं नही."

"काबर?"

"तुम्हना तरास व्हस."

तारादेवीला वाटलं थट्टा आहे. "आम्हना तरास? आम्ही तं साल बी खाले लई जातस. इतला वरीसमा एक कागद तरी सापडना का तुले आम्हना?"

"कागद नही सापडना," दलसिंग म्हणाला. "वानर सापडना. मन्हा घरवर."

त्याने छपराकडे हात केला. अर्ध्या छपराची कौलं नवी, तांबडी. बाकीची जुनी, काळी. मग शेताकडे. मक्याची धाटं उभी, पण कणसं ओरबाडलेली. पूर्वी वानरं यायची नाहीत असं नाही, तो म्हणाला. यायची, गोफण फिरली की पळायची. डोंगरात त्यांचं त्यांना मिळतं. पण यंदा पाऊस लागला, आमचं येणं थांबलं आणि पूर्ण टोळीच खाली उतरली, आणि उतरली ती माणसाला न भिता. दगड अंगावरून गेला तरी बसून राहायची, पुढचा घास यायचाच आहे अशी.

"मी मुका जीवले खाऊ घालं," तारादेवी म्हणाली. आवाज चढला होता. "पाप करं का?"

"पाप-पुण्य तुम्हनं तुम्हले ठावं, बाई. मन्ही बाईना हात देखा."

मोतीबाई, दलसिंगची बायको, आत चुलीपाशी होती. रविवारी ती बाजाराला जायची, म्हणून आमची गाठ कधी पडली नव्हती. उजव्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधून वर कसला तरी पाला आणि फडकं. तिने तारादेवीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच का ती पोळीवाली?"

तारादेवीने होय म्हणून मान हलवली.

"मी गिरणीवरून पीठ लई येत व्हतू, डोकावर," मोतीबाई म्हणाली. "वानरं ऊनात. भांडाले नही ऊनात, बाई. भांडतात तं मी बी भांडती. लेवाले ऊनात. हक्कनं. फाटेल कानवालानी मन्हा लुगडाना पदर धरा, अस्सा, जशी मीच त्यान्ही शेठाणी." तिने डाव्या हाताने पदर ओढून दाखवला. "मी घाबरीन पडनू. पीठ त्यासले, हात माले."

बेबीबाईला हसू आलं, तिने ते दाबलं. मोतीबाई मात्र स्वतःच हसली. "हास व, हास. मी बी आते हासस. तव्हय रडनू."

चुलीवर चहा उकळत होता. तारादेवी सूर्य असतानाही बाहेरचा चहा घेत नाही, हे मोतीबाईला ठाऊक नव्हतं. तिने कप पुढे केला आणि तारादेवीने तो घेतला, प्याली, कप विसळला. मग म्हणाली, "दलसिंगभाऊ, एकदाव माले खडकलोंग लई चाल. थैली आठेच ठेवस. फक्त देखानं शे."

थैली तिने दाराशी ठेवली. वर गेलो. झिरा आला आणि आम्ही थांबलो.

खडकाच्या भोवती ज्वारी उभी होती. पेरल्यासारखी नाही, वेडीवाकडी, झुपक्याझुपक्याने, पण माणसाच्या छातीएवढी. काही कणसं पाखरांनी खाल्लेली, काही वानरांनी मोडलेली. पावसाने तिचे सांडलेले दाणे उगवले होते. त्या डोंगरात साग आहे, खैर आहे, मोह आहे, तेंदू आहे. ज्वारी कुणी पाहिली नव्हती. खडकाखालची मातीही उकरलेली, डुकरांनी पिठाच्या वासाने वारुळं फोडलेली. ज्या मुंग्यांना ती चिमूट चिमूट घालायची, त्यांच्या घराचा खड्डा झाला होता.

तारादेवी बराच वेळ त्या खड्ड्याशी उकिडवी बसली. आम्हाला वाटलं रडेल. ती रडणाऱ्यातली नाही. उठली, ओढणी कमरेला खोचली आणि ज्वारीचं पहिलं ताट मुळासकट उपटलं.

आता हे समजून घ्यायला हवं की त्यांच्यात हिरवं उपटणं म्हणजेही हिंसा. ही बाई अष्टमी-चतुर्दशीला कोथिंबीर खात नाही. प्रत्येक ताटाला हात घालताना ती तोंडातल्या तोंडात "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होती. त्यांच्यात माफी मागायचा तो शब्द आहे. ताट उपटायची, माफी मागायची, मुळाची माती झटकायची, पुढच्याला हात घालायची. आम्ही मदतीला वाकलो तर म्हणाली, "तुम्ही नको. मन्हं पेरेल शे." दलसिंगने तिचं ऐकलं नाही. तो दुसऱ्या बाजूने सुरू झाला. मोडलेली कणसंही तिने गोळा केली, खडकाच्या भेगांतले दाणे नखाने काढले. वानरं वरच्या फांद्यांवर बसून पाहत होती. फाटक्या कानाचा म्हातारा खाली आला, तिच्यापुढे बसला, हात पसरला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो तसाच हात पसरून बसला होता. ती त्याच्या शेजारचं ताट उपटत होती.

मग तिने कडब्याची पेंढी बांधली आणि डोक्यावर घेतली. पुखराजशेठच्या बायकोच्या डोक्यावर कडबा, हे शहाद्यात कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा. मान लचकत होती. बेबीबाई म्हणाली, "काकी, चुंभळ ते लेय, मुंडी मोडी जाई," आणि स्वतःचा रुमाल गुंडाळून तिच्या डोक्यावर ठेवला. तेवढी मदत तिने घेतली. पेंढी दलसिंगच्या बैलांपुढे पडली. बैलांनी खाल्ली.

निघताना तारादेवी म्हणाली, "भाऊ, आते आम्ही येवाऊत नही. वानरं भूली जातीन तव्हय सांगजो."

"कितला दिन लागतीन काय ठावं," दलसिंग म्हणाला.

"लागू दे."

परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरने गाणं लावलं, ते कुणी बंद करायला सांगितलं नाही. शहादा जवळ आलं तेव्हा शगुफ्ता हळूच म्हणाली, "काकी, एक सांगू? मन्हा मनमा पहिलाच वरीसमा ऊनं व्हतं. संत्रानी साल चालस नही आनि पोळी कशी चालस?"

तारादेवी वळली. "मंग बोलनी काबर नही?"

"सालवर बोलती. तुमना धरमवर कशी बोलू? तुम्ही मन्हा रोजावर कधी बोलनात का?"

तारादेवी पुन्हा पुढे वळली. "बोलाले पाहिजे व्हतं तू," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मी तुन्हावर रागावती. पन बोलाले पाहिजे व्हतं."

पुखराजशेठने दुकानात सगळं ऐकून घेतलं आणि मग तराजूवर हात ठेवून निकाल दिला. "दाणा टाकणं पाप नाही. बाप-आजाने टाकले. त्या बाईचं नुकसान झालं ना? एक पोतं ज्वारी पाठवून दे खैरपाड्याला. विषय संपला."

"पुन्हा ज्वारीच?" तारादेवी म्हणाली, आणि पुढचं सगळं मारवाडीत. शेठ गोदामात गेला.

पोतं गेलं नाही. तिने मोतीबाईला निरोप पाठवला होता, हाताला शहाद्याच्या डॉक्टरला दाखवू, मी सोबत येते. मोतीबाई आली, फोटो काढला, हाड जुळत आलं होतं. डॉक्टर म्हणाला, बांधणारा कोण? मोतीबाई म्हणाली, "मन्ही सासू." डॉक्टरने कामट्या तशाच ठेवल्या. तारादेवीने विचारलं, "तुले काय आनू, सांग." मोतीबाई म्हणाली, "काहीच आनू नको, माय. तू आनस ना, तठेच तं सगळं बिघडस."

तो हिवाळा आम्ही गोमाई नदीच्या काठाने चाललो. गावाजवळ नदीचं काय होतं ते शहादेकरांना सांगायला नको, बेबीबाई नाकाला पदर लावून चालायची आणि दर रविवारी म्हणायची, "आपीन वानरं भुलावाले निघनूत, पन मी डोंगरच भुली जासू." तारादेवी ऐकून घ्यायची. तिचा चेहरा उतरला होता. चढण नसेल तर तिला चालल्यासारखं वाटत नाही. दुकानाच्या ओट्यावर उभी राहून ती उत्तरेकडे पाहायची, हवा स्वच्छ असली की तिथून सातपुड्याची निळी रेघ दिसते. पण एकदाही म्हणाली नाही की चला, जाऊन तरी बघू. मीच एकदा म्हटलं, थैली न घेता गेलो तर काय होईल? "त्या मन्हाकडे देखतीन," ती म्हणाली. "त्यासले याद ई. मंग?"

कचरा उचलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हातमोजे घालतात, फोटो काढतात, चांगलं काम करतात. दुसऱ्याने टाकलेलं उचलणं सोपं आहे. ज्याला आपण आयुष्यभर पुण्य म्हणत आलो ते स्वतःच्या हाताने मुळासकट उपटून खाली आणणारी मी एकच पाहिली. तेही कुणी फार सांगितलं नसताना. दलसिंगने वर जाऊ नका एवढंच म्हटलं होतं.

होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, पावरा लोक नवे कपडे घालून ढोल घेऊन उतरतात. त्या आठवड्यात दलसिंग शहाद्याला आला. दुकानातून गूळ घेतला, डाळ्या घेतल्या, साखरेचे हार घेतले, पैसे दिले आणि मग सहज म्हणाला, "शेठाणी, वानरं आते वरेच ऱ्हातस. महिना व्हयना, छपरवर एक बी नही. येवा."

तारादेवीने त्या रात्री झोप घेतली की नाही माहीत नाही. रविवारी जीपशी आम्ही पोचलो तर ती आमच्या आधी. हातात फक्त पाण्याची बाटली. जेवण आम्ही फाट्यावरच उरकलं, वर न्यायला काहीच ठेवलं नाही. पाड्यातून जाताना मोतीबाईने मनगट फिरवून दाखवलं. वाट चढायला लागलो. पळस फुलला होता. बेबीबाई धापा टाकत होती आणि तारादेवी पुढे, तीच जुनी चाल.

झिऱ्याच्या अलीकडच्या वळणावर टोळी दिसली. उंच, सागाच्या शेंड्यांवर. आम्ही श्वास धरून उभ्या. वानरांनी पाहिलं आणि आपापल्या कामाला लागली. एकीने पिल्लू पोटाशी घेतलं. कुणी खाली उतरेना. शगुफ्ता पुटपुटली, "भुलनात."

आणि मग फांदी हलली. फाटक्या कानाचा म्हातारा एक एक फांदी करत उतरला, वाटेवर येऊन बसला. आम्हा तिघींकडे त्याने पाहिलंही नाही. उठला, तारादेवीपाशी गेला, तिच्या ओढणीचं टोक धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं.

तारादेवी उभी राहिली. वर शेंड्यावर दोन लहान वानरं मान खाली घालून पाहत होती, हा आता काय करतो ते.

"तुम्ही जावा," ती आम्हाला म्हणाली. आवाज अगदी साधा, दुकानात गिऱ्हाईकाला सुटे नाहीत सांगावं तसा. "त्याले मन्हीच याद शे. मी गयू का तो बी जाई. नहीतर त्यान्ह देखीसन त्या नवा शिकतीन."

"काकी, एक म्हातारा वानरसाठे..." बेबीबाई म्हणाली.

"जावा म्हनं ना."

तिने ओढणी हळूच सोडवली आणि उतरायला लागली. तो मागे मागे. पाड्याच्या वर दलसिंग उभा होता. त्याने हवेत गोफणीचा कोरडा आवाज काढला. म्हातारा थबकला, बसला, मग शेपटी उचलून परत रानात गेला. तारादेवी पाड्यातही थांबली नाही. ती दिसते तिथे तो येणार, आणि तो येतो तिथे बाकीचे. म्हणून थेट फाट्यापर्यंत खाली.

तेव्हापासून असंच आहे. रविवारी चौघी जीपने निघतो, तिघी वर जातो आणि तारादेवी फाट्यावर उतरून तिथल्या कडुनिंबाखाली बसते. मोतीबाई तिथे चिंच, बोरं, नाहीतर चारोळी घेऊन विकायला बसते, हंगामात सीताफळं. दोघींचं चांगलं जमलंय. एक बाहेरचं खात नाही, दुसरी आग्रह सोडत नाही. वर जाताना आमच्या पिशव्या तारादेवी स्वतः तपासते. शगुफ्ताच्या पर्समधून एकदा बडीशेपेची पुडी काढून घेतली. उतरलो की आधी विचारते, झिऱ्याला पाणी कितलं शे? पळस झडला का? खडकाजवळ काही उगवलं तर नाही? आणि सगळ्यात शेवटी, दुसरीकडे पाहत, "तो दिसना का?"

दिसतो. अजून दिसतो. कान तसाच, आता जरा लंगडतो. आमच्याकडे बघून तो खालच्या फांदीपर्यंत येतो, चौथी नाही असं पाहतो आणि परत चढतो.

गेल्या रविवारी आम्ही हे सांगत होतो तेव्हा मोतीबाई टोपलीतली चिंच वर-खाली करत म्हणाली, "किती दिन बठशी आठे, शेठाणी? तो म्हातारा मरी जाई तव्हयच तुन्हा डोंगर मोकळा व्हई."

तारादेवीने तिला अशी चापट मारली की चिंच सांडली.

"अशी नको बोलू वं," ती म्हणाली, आणि वाकून चिंचा वेचू लागली. "जगू दे त्याले. माले काय घाई शे?"